अण्णांचा लॅपटॉप

आमच्या बसवनगुडीतल्या इमारतीतले अण्णा निवृत्तीनंतर डीजे वाजवायला शिकले. हेडफोन एकाच कानावर. दुसरा कान कुकरच्या शिट्ट्या मोजायला मोकळा. लिफ्टची वाट बघतानाही त्यांची बोटं कठड्यावर ठेका धरतात.

बायपासनंतर घरचे म्हणाले, आता हे पुरे. अण्णा कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि मला घेऊन थेट लॅपटॉपच्या दुकानात गेले. सल्ला मात्र विचारला नाही. प्रत्येक लॅपटॉपवर गाणं लावायचं आणि मध्येच चार्जर उपटायचा. गाणं अडखळलं की म्हणायचे, "हा स्वल्प घाबरट आहे." शेवटी एक जण अडखळला नाही.

विक्रेता म्हणाला, "अंकल, तुमच्या वयाला साधं मॉडेलही चालेल."

अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "पाच वर्षांनी याची रॅम वाढवता येईल ना?"