जोडताऱ्यांवर बोलायचं होतं तेव्हा

त्र्याहत्तर सालातली गोष्ट. संगमनेरच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, वर्गात एकटीच मुलगी. फिजिक्सच्या सरांनी प्रत्येकाला एकेका विषयावर वर्गापुढे बोलायला लावलं. मला दिला जोडताऱ्यांचा विषय: एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी एखादा धडधडू कसा लागतो. पुस्तक वाचून मला समजलं होतं, पण चार लोकांत उभं राहून बोलायची मला भीती वाटायची.

मी थोरल्या भावाकडे राहायचे. वहिनी शेतकऱ्याच्या घरातली, चौथी शिकलेली. वयानं मोठी असून मला अहोजाहो करायची. माझी तगमग बघून म्हणाली, आधी मला सांगून बघा.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी पाटावर बसून सुरुवात केली. जोडीतला मोठा तारा आधी म्हातारा होतो, फुगतो, आणि त्याचा वायू शेजारच्यावर ओघळतो. त्यानं शेजारचा जड होतो, जास्त तापतो. मग कधी कधी त्याच्या आतल्या एका थरात उष्णता अडकते. थर फुगतो, उष्णता सुटते, थर पुन्हा खाली बसतो. हे सारखं चालू राहतं, म्हणून त्याचं तेज कमी-जास्त होतं.

उष्णता अडकते म्हणजे काय, तिनं विचारलं. मी पुस्तकातलंच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. तिनं चुलीवरच्या डाळीकडे बोट केलं. वाफ कोंडली की झाकण उचललं जात होतं, वाफ गेली की बसत होतं.

"असंच ना?"

मी व्हय म्हटलं. जरा वेळानं तिनं विचारलं, "मंग ज्यानं दिलं, त्याचं काय हुतं?"

ते पान मी घाईत सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी वाचून तिला सांगितलं, की त्या म्हाताऱ्या ताऱ्याचं वरचं सगळं गेलं तरी आतला गाभा राहतो, आणि जोडीदाराभोवती पुढंही फिरत असतो. तिला बरं वाटलं.

वर्गात मी झाकणाचं उदाहरण दिलं तेव्हा मुलं हसली, पण ऐकू लागली. माझी भीती तिथंच गेली. पुढच्या आठवड्यात सर घरी आले आणि हिला एम.एस्सी.ला पुण्याला पाठवा म्हणाले. वडिलांनी माझ्यासाठी स्थळ बघायला घेतलं होतं, त्यामुळे त्यांना विचारावं लागेल, असं दादा म्हणाला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "शिकू द्या त्यांना. मामंजींशी मी बोलते."

आणि ती खरंच एसटीनं एकटी कोल्हारला, वडिलांकडे गेली. काय बोलली ते तिनं कधीच सांगितलं नाही. परतल्यावर पदर खोचत एवढंच म्हणाली, की जूनमध्ये जायची तयारी करा.

पुढं मी जन्मभर कॉलेजात शिकवलं. सुट्टीत आधी तिच्याकडे जायचे. यंदा काय नवीन, असं ती विचारायची आणि लसूण सोलत सगळं ऐकून घ्यायची. तितकं मन लावून माझं कुणी ऐकलं नाही.