आधी आपण लिहावे

इस्पितळाला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरचे फोटो उतरवले, आणि रंग वाळल्यावर परत टांगले तेव्हा एक फोटो उरला. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि आजवरचे सगळे संचालक आपापल्या खिळ्यांवर गेले. डोक्याला बातिकचं फडकं बांधलेल्या, मोठ्या कानांच्या एका माणसासाठी मात्र खिळा शिल्लक नव्हता. हा कोण, असं पाक तार्सोनोंनी विचारलं; आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू. ते तिथे जुन्या कागदांच्या खोलीत कारकून होते आणि त्याच आठवड्यात निवृत्त होत होते, त्यामुळे त्यांना उत्तर देण्याची कोणाला निकड वाटली नाही. "आवडला असेल तर घेऊन जा," शिपाई म्हणाला. निरोपाच्या दिवशी पाक तार्सोनो घरी आले ते भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ आणि हा फोटो घेऊन. घड्याळ वर्षभरात बंद पडलं.

जावातल्या सालातिगात आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे. बायको वारलेली, एकुलती मुलगी वेनिंग बाताम बेटावर कारखान्यात. ती दर रविवारी फोन करी आणि "जेवलात का?" असं विचारी. ते "जेवलो" म्हणत. उरलेल्या आठवड्यात त्यांना कोणी काही विचारत नसे.

फोटोतला माणूस डॉक्टर पुर्वोको निघाला. डचांच्या काळात आमच्याकडे सुईणी बाळाची नाळ हळकुंडावर ठेवून बांबूच्या धारदार कामटीने कापत, आणि आठवड्याच्या आत बरीच बाळं धनुर्वाताने जात. इतर डॉक्टर सुईणींना गोळा करून घाणेरडेपणावर व्याख्यानं देत. सुईणी मान डोलावत आणि घरी जाऊन तेच करत. पुर्वोको सुईणींच्या चुलीपुढे जाऊन बसत. बांबूची तारीफ करत, हळदीची तारीफ करत, आणि उठता उठता म्हणत, कामटी गार लागते हो बाळाला, जरा उकळत्या पाण्यात टाकाल का. एवढंच. त्या भागातला धनुर्वात हळूहळू ओसरला, आणि त्याबरोबर डॉक्टरांची आठवणही. जो रोग होतच नाही तो कोणी घालवला, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

पाक तार्सोनोंनी वर्तमानपत्रात चार ओळी धाडल्या: सदर डॉक्टरांविषयी कोणास माहिती असल्यास कृपया कळवावे. एकच उत्तर आलं. ते जावाच्या पार पूर्वेकडच्या जेंबरहून होतं. लिहिणारे पाक गुनादी परिचारिकांच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनीही पुर्वोकोंवर गठ्ठाभर टिपणं काढून ठेवली होती. दोघांनी मिळून डॉक्टरांचं चरित्र लिहावं असं पहिल्या दोन-तीन पत्रांतच ठरलं. प्रश्न फक्त सुरुवात कोणी करायची, हा होता.

"आपण वडीलधारे आहात, पहिले प्रकरण आपल्याच हातून व्हावे," असं पाक तार्सोनोंनी लिहिलं. "छे छे, ज्येष्ठत्व आपले आहे, मी आपल्या मागून चालणारा," असं पाक गुनादींचं उत्तर आलं. आमच्याकडे समोरच्याला मोठं मानून बोलणं ही साधी रीत आहे. वय विचारणं मात्र उद्धटपणा. म्हणून दोघेही एकमेकांना वडील मानत राहिले, आणि कित्येक वर्षं पहिलं प्रकरण या दोन थोर माणसांच्या मधोमध उभं राहिलं.

पत्रं मात्र नेमाने येत. पाक तार्सोनो ती ओसरीवर मला वाचून दाखवत, कारण एकट्याने वाचलेलं पत्र फार लवकर संपतं. वरच्या कोपऱ्यात ठरलेली ओळ: 'विषय: दिवंगत डॉक्टर पुर्वोको यांचे चरित्र'. पहिल्या पानावर प्रकृतीची चौकशी. दुसऱ्या पानावर उत्तराला उशीर झाल्याबद्दल क्षमा. तिसऱ्यावर, खाली, डॉक्टरांविषयी एखादी गोष्ट. कामटी कशात उकळत, यावरच त्यांनी दोन पावसाळे काढले. पाक तार्सोनोंच्या माहितीप्रमाणे चहाच्या पाण्यात. पाक गुनादींना वाटे, भाताच्या भांड्यात. "आपले म्हणणे माझ्यापेक्षा खचितच योग्य असणार, तथापि," असा तो मजकूर प्रत्येक पत्रात सुरू होई.

गल्लीच्या तोंडाशी बू न्गातिनाह पेचेल विकते, उकडलेली पालेभाजी आणि वर दाण्याची चटणी. ती विचारी, "काय पाक, डॉक्टर जन्मले का अजून?"

"आईवडिलांपर्यंत आलोय," पाक तार्सोनो म्हणत.

"सावकाश होऊ द्या. बाळंतपणात घाई चांगली नाही."

मलाही त्या पुस्तकाची घाई नव्हती. खरं म्हणजे पाक तार्सोनोंनाच नव्हती. पुस्तक संपलं असतं तर पत्रं संपली असती, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेली गोष्ट बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही.

मग दुसऱ्या बेटावरच्या मेदानहून पत्र आलं. लिहिणारी लामरिया सिहोटांग, तिथे आरोग्यशास्त्राची प्राध्यापिका, तिकडच्या बटाक जमातीची. सगळं पत्र मिळून अर्धं पान. प्रकृतीची चौकशी नाही. 'मला डॉक्टर पुर्वोकोंचं चरित्र लिहायचं आहे. तुम्ही आणि पाक गुनादी लिहीत आहात असं कळलं. लिहीत असाल तर मी हात लावणार नाही. नसाल तर तुमची टिपणं मला द्या. हो किंवा नाही, तेवढं कळवा.'

पाक तार्सोनोंनी ते पत्र उपडं करून टेबलावर ठेवलं, उघड्या अंगाचा माणूस झाकावा तसं.

"बटाक बाई," बू न्गातिनाहने निकाल दिला. "तिकडे आशीर्वादसुद्धा भांडल्यासारखे देतात."

"सरळ नाही म्हणून लिहा," मी म्हणालो. "आम्ही लिहितोय, तुम्ही थांबा."

"असं तोंडावर?"

"तोंड मेदानला आहे, पाक."

"तरी पण, दिक." मला ते दिक म्हणतात, धाकट्या भावाला म्हणतात तसं. "ती काय म्हणेल? म्हातारा वाडगं धरून बसलाय, स्वतः जेवत नाही आणि दुसऱ्याला जेवू देत नाही."

"खरंच आहे की ते."

"म्हणून तर लिहिता येत नाही."

त्यांनी तीन पानांचं उत्तर लिहिलं. आमच्यासारख्यांच्या खरडण्याला कसली किंमत, आपल्यासारख्या विदुषीच्या हातून हे कार्य होणे हे डॉक्टरांचे भाग्य, आपण अवश्य लिहावे, आमची अडचण मानू नये. ते मला वाचून दाखवताना त्यांचा चेहरा खुलला होता. जावातला कुठलाही माणूस हे पत्र वाचून समजला असता की म्हातारा हाकलतोय. त्याने पुन्हा लिहिलं असतं, छे छे, आपलाच मान. पाक तार्सोनोंनी पुन्हा नाही नाही केलं असतं. आणि तिसऱ्या खेपेला, आपण इतका आग्रहच करता तर आम्हीच प्रयत्न करतो, असं म्हणून प्रकरण मिटलं असतं. आमच्याकडे पाहुण्यापुढचा चहासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय उचलला जात नाही.

मेदानहून उलट टपाली उत्तर आलं. 'फार आभार. पुढच्या गुरुवारी येते.'

ती आली. धिप्पाड, हसरी बाई. चहा पहिल्याच सांगण्यावर प्यायली आणि आणखी मागितला. तीन दिवस ओसरीवर बसून तिने सगळी टिपणं वाचली, कॅमेऱ्यात घेतली, मध्येच पाक तार्सोनोंच्या मोरीतला गळका नळ स्वतः आवळून दिला. बाई वाईट असती तर बरं झालं असतं. जायच्या आधी तिने थेट विचारलं, "पाक, मनापासून विचारते. मी लिहिलेलं तुम्हाला चालेल ना? नको असेल तर आत्ता सांगा, मी सगळं पुसून टाकते."

मी शेजारीच होतो. मी पाक तार्सोनोंकडे पाहिलं. ते हसले. आमच्याकडे माणूस पडला तरी हसतो, जळलेल्या घरापुढे उभा राहून हसतो. बघणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

"चालेल, चालेल," ते म्हणाले. "अवश्य."

"छान," ती म्हणाली. "आता तुमचं जन्मवर्ष सांगा. पुस्तकात तुम्हा दोघांचे आभार मानताना लागेल."

तिकडे जेंबरला पाक गुनादींनी तिला लिहिलं होतं, पाक तार्सोनोंची परवानगी असेल तर मी कोण बोलणार. पाक तार्सोनो नाही म्हणतील अशी त्यांना खात्री होती. इकडे यांना खात्री होती की पाक गुनादी नाही म्हणतील. अशा रीतीने दोघांनी एकमेकांच्या भरवशावर डॉक्टर पुर्वोको देऊन टाकले.

वर्षभरात पुस्तक आलं. मी ते मोठ्या आशेने वाचलं. दुर्दैवाने चांगलं होतं. चुका नव्हत्या. कामटीविषयी एक ओळ होती: 'ही कामटी चहाच्या पाण्यात किंवा भाताच्या भांड्यात उकळली जाई.' दोन पावसाळे त्या 'किंवा'त बसले होते.

पाक गुनादींचं पत्र आलं. विषयाची ओळ तीच. पुस्तकाबद्दल अभिनंदन, आपल्या दोघांचे काम दुसऱ्या समर्थ हातांनी तडीस गेले याचे समाधान, इतक्या वर्षांत लेखणीतून काही कमीजास्त गेले असल्यास क्षमा. पाक तार्सोनोंनी ते वाचून दाखवलं नाही. मला हातात दिलं.

"उत्तर लिहा," मी म्हणालो.

"काय विषय घालू?"

"प्रकृतीची चौकशी करा."

"ती पहिल्या पानावर असते. पुढची दोन पानं कुठून आणू?"

"एकच पान लिहा."

"एक पान म्हणजे तुटक वाटतं, दिक. रागावलोय असं वाटेल त्यांना."

त्यांनी लिहिलं नाही. जेंबरहूनही आलं नाही. तिकडेही कोणी तरी हाच हिशेब करत असणार. पोस्टमन सायकल न थांबवता पुढे जाऊ लागला. पाक तार्सोनो आता दुपारी ओसरीवर बसत नसत. वेनिंगच्या फोनला "जेवलो" म्हणत, आणि बू न्गातिनाह मला म्हणे, "आज पण डबा नेला नाही त्यांनी. डॉक्टर गेले आणि म्हाताऱ्याची भूक घेऊन गेले."

रोजे संपून लेबारानची ईद आली. त्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या घरी जाऊन, गुडघ्यांवर कपाळ टेकवून, वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागायची असते. सगळी गल्ली ओळीने पाक तार्सोनोंकडे गेली. आम्ही वाकलो, त्यांनी आमच्या पाठीवर हात ठेवला आणि क्षमा केली. वेनिंगला बोटीचं तिकीट मिळालं नव्हतं. तिलाही त्यांनी फोनवरच क्षमा केली. दरवर्षी मग ते नवा सारोंग नेसून अंबारावाला थोरल्या बहिणीकडे जात. ती त्या वर्षी वारली होती. दुपार झाली तरी ते नव्या सारोंगात खुर्चीवर तसेच बसून होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे यायचं आणि त्यांनी कोणाकडेच जायचं नाही, इतके ते मोठे झाले होते.

संध्याकाळच्या आत ते माझ्याकडे आले. हातात ते पुस्तक होतं. वेळ जाईना म्हणून शेवटची पानं चाळत होते म्हणे, जी कोणी वाचत नाही ती. आभाराच्या पानावर दोन नावं होती आणि नावांपुढे कंसात जन्मवर्षं.

"हे बघ," ते म्हणाले. "पाक गुनादी माझ्यापेक्षा मोठे आहेत. दोन वर्षांनी."

"म्हणजे पहिलं प्रकरण त्यांनीच—"

"प्रकरण सोड. धाकटा मी आहे. मी जायला हवं होतं. इतक्या लेबारान मी गेलो नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं, पाक."

"त्याचीही क्षमा मागता येईल."

ईदेच्या दिवसांत बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते, तुमचं वय काय, जेंबर कुठे, हे सगळं मी सांगितलं. बू न्गातिनाहने केळीच्या पानात भात बांधून दिला आणि म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. आणि पाक, तिकडे पहिल्या आग्रहालाच खा. तिसऱ्याची वाट बघाल तर उपाशी याल." एंतिंगचा, म्हणजे आमच्याकडच्या शेंगदाण्याच्या मिठाईचा, डबा काखेत धरून ते दुसऱ्या दिवशी निघाले.

चार-पाच दिवसांनी परतले. चेहरा ओढलेला, सारोंग चुरगळलेला. मी चहा ठेवला. काय झालं, हे त्यांनी सांगेपर्यंत विचारायचं नाही म्हणून मी बू न्गातिनाहच्या चटणीविषयी बोलत राहिलो.

"घरीच होते," शेवटी ते म्हणाले. "मी वाकलो. नको नको म्हणाले. मग वाकू दिलं."

"काय बोललात?"

"विशेष काही नाही. त्यांना ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली म्हणे, पत्रातून कसं कळणार. सून जोरात ओरडते तेवढं कळतं. मला तसं ओरडता येईना, मोठ्या माणसावर. मग आम्ही अंगणात बसलो. त्यांच्या कोंबड्या आहेत."

"आणि डॉक्टर?"

"भिंतीवर होते. त्यांच्याकडेही तोच फोटो." त्यांनी चहा उचलला, मी अजून एकदाही घ्या म्हटलं नव्हतं. "डोळेही गेलेत. आता लिहिणं होणार नाही म्हणाले. मी पण लिहू नये, कोणी वाचून दाखवलं तरी ऐकू येत नाही."

बाहेर गल्लीत मुलं उरलेले फटाके उडवत होती.

"निघताना मी परत वाकलो," ते म्हणाले. "पाठीवर हात ठेवून म्हणाले, सावकाश जा, दिक. मला दिक म्हणाले. पुढच्या लेबारानला परत जाणार आहे. ते आहेत तोवर मी धाकटा आहे."