ताईंचे बुडबुडे

मार्गशीर्षातला रविवार, दुपार. स्थळ: सिडकोतल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. हजर: मी, माझा नवरा, लासूर स्टेशनहून आलेले मोठे दीर आणि माझी जाऊ, म्हणजे ताई. विषय: मालदीव.

विषय ताईंनीच काढला होता. त्यांच्या माहेरची बिडकीनकडची जमीन कारखान्यांसाठी गेली आणि मोबदल्यातला त्यांचा वाटा त्यांच्या खात्यावर आला. त्या पैशाला प्रत्येकानं एकेक जागा सुचवली. दिरांनी आडतीसाठी नवं गोदाम, माझ्या नवऱ्यानं मुदत ठेव, मी पाटल्या. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "मला समुद्राचा तळ बघायचाय."

"मग गोव्याला जाऊ की," दीर म्हणाले. "त्याला इतकं लांब कशाला?"

"गोव्याला पाणी गढूळ. मी बघितलंय मोबाइलवर."

जमिनीबरोबर विहीरही गेली होती. त्याच विहिरीत ताई पाठीला डबा बांधून पोहायला शिकल्या. पुढे गावात कुणाची घागर विहिरीत पडली की बोलावणं त्यांनाच यायचं. एका दमात खाली जायचं, गाळात चाचपायचं, घागर घेऊन वर यायचं.

"तळ मी कायम हातानंच बघितला," ताई म्हणाल्या. "एकदा डोळ्यानं बघू द्या. ती विहीर तर बुजवली, आता ती काय दिसायची नाय."

गोदामाचा विषय तिथंच संपला. मी वही उघडली.

आयोजन मला आवडतं आणि मला ते येतं, हे सांगायला मी लाजत नाही. मुंबईहून विमान, पुढे छोटं विमान, शेवटी बोट, कारण ताईंना हवं तसं नितळ पाणी अगदी दक्षिणेच्या बेटांवर होतं आणि तिथं राहणं मुंबईतल्या बड्या हॉटेलांनाही लाजवेल असं महाग होतं. पासपोर्ट, डॉक्टरांचे दाखले, दिरांसाठी शेंगदाण्याची चटणी. आणि सगळ्यात अवघड काम: आम्ही नसताना नळाला पाणी आलं तर मोटर कोण लावणार? आमच्याकडे पाण्याचा दिवस चुकला की पुढचे कित्येक दिवस हाल. समोरच्या काकूंनी ते अंगावर घेतलं, पण विचारलंच, "पाण्यासाठी एवढ्या लांब चाललात व्हय?"

बेटावर पोचून श्रीगणेशा करण्यापेक्षा इथेच तालीम करून जावं, असं मी ठरवलं. शहरातल्या एका क्लबच्या तलावात पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायला शिकवणारा एक तरुण मिळाला. त्याची अट सरळ होती: तो हो म्हणेल, तेव्हाच मी तिकिटं पक्की करायची.

माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. तो घाबरून खाली गेला आणि डाळीला उकळी फुटावी तसे बुडबुडे वर आले. पास. मी गेले, नाकात पाणी घेऊन परत आले, पुन्हा गेले. पास. दिरांनी कठड्यावर बसून चहा घेतला. त्यांना खाली जायचंच नव्हतं.

मग ताई. त्या घरातल्या घरात फिरावं तशा तळाशी गेल्या आणि मांडी घालून बसल्या. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात शिक्षक त्यांच्याजवळ गेला आणि त्यांना हळूहळू वर घेऊन आला.

"आपा, बुडबुडेच नाही आले. सांस नक्को रोको. लेते रहो."

ताईंनी तोंडातली नळी काढली. "पाण्याखाली श्वास घेतला की माणूस बुडतो. एवढं तर लहान लेकराला पण कळतं."

त्यानं नीट समजावलं. इथे हवा नळीतून मिळते. श्वास कोंडून वर आलं तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम हाच, श्वास चालू ठेवायचा. ताईंनी मान डोलावली, खाली गेल्या आणि पुन्हा गप्प बसून राहिल्या. वर एक बुडबुडा नाही.

"जमिनीवर घटकाभर तोंड बंद नसतं," दीर चहाचा कप ठेवत म्हणाले, "आणि पाण्यात बघा कशी शिस्त."

घरी येताना माझा नवरा म्हणाला, "वहिनी, तुम्ही वरूनच बघा ना. चष्मा लावून नुसतं तरंगायचं. मासे तेच दिसतात."

"वरून बघायला पैठणचं धरण काय वाईट आहे, भाऊजी?" ताई म्हणाल्या. "मग तुम्ही तिघं जा. मी पाटल्या करते."

हे त्यांनी हसत म्हटलं, पण नंतर दौलताबाद मागे पडून त्यांची गाडी लासूरला पोचेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, असं दिरांनी रात्री फोनवर सांगितलं. ते घाबरले होते. मीही.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकाकडून वरचं टोक पाण्याबाहेर राहणारी सरावाची एक नळी मागून घेतली आणि लासूरला पाठवली. आता ताई रोज सकाळी म्हशींच्या हौदात तोंड बुडवून सराव करतात आणि दीर बाजूला उभे राहून मला फोनवर बातमी देतात.

"बुडबुडे आले?"

"लई आले. पण ती पाण्यातच मला शिव्या घालत होती."

"म्हणजे श्वास सोडता येतो. घेतला का?"

दिरांनी फोन ताईंच्या तोंडाशी धरला. मग ताईंचा ओला आवाज आला. "सोडायला काय जातंय गं? घ्यायची येळ आली की तोंड आपसूक मिटतंय."

रविवारी पुन्हा तलाव ठरला आहे. पासपोर्ट आले, चटणी कुटून झाली, काकूंना मोटरचं बटण दाखवून झालं. तिकिटं अजून पक्की केलेली नाहीत. ताईंनी पाण्याखाली एक श्वास आत घ्यायचा बाकी आहे.