अंगठ्याच्या बुडाचं हाड

शिवलीला शाहूपुरीतल्या एका हायस्कुलात भूमिती शिकवायची. दोन हजार एकच्या दिवाळीत तिची जुनी विद्यार्थिनी तेजस्वी घरी आली. पोरगी आता डॉक्टरकी शिकत होती. फराळाची बशी बाजूला सारून तिनं पिशवीतून सांगाड्याचा उजवा हात काढला. अभ्यासाला कॉलेजातच विकत घेतलेला, तारेत ओवलेला.

“बाई, तुमचा समलंब चौकोन इथं भेटला बघा. अंगठ्याच्या बुडातल्या ह्या हाडालाही इंग्रजीत ट्रॅपेझियमच म्हणतात.”

“मग समांतर बाजू कुठायत?” शिवलीला हसली.

“ह्याच्यात नाही दिसायच्या. हे कधीतरी फुटून वाकडं जुळलंय.”

शिवलीलाचं हसू थिजलं. तिचा थोरला भाऊ महांतेश, तिचा अण्णा, कबनूरला कापडाच्या मागावर कामाला होता. मागातून उडालेला, सूत नेणारा लाकडी धोटा बसून त्याच्या उजव्या अंगठ्याचं बूड फुटलं. मूठ आवळेना, काम सुटलं. ब्याण्णव साली तो घरातून गेला तो गेलाच.

“कुणाचा गं हा हात?”

“ते कसं कळणार, बाई?”

शाळा उघडली. फळ्यावर समलंब चौकोन काढताना तिरक्या रेघेपाशी तिचा खडू अडायचा. तिथं तिला अण्णाचा अंगठा दिसायचा. शेवटी ती तेजस्वीच्या कॉलेजात गेली. शवविच्छेदनाच्या खोलीवरचे शिपाई हंबीरराव यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ताई, हितं नावानं कोण येत न्हाय. बेवारस म्हणून येत्यात. तुमचा भाऊ न्हवं असं म्हणवत न्हाय, हाय असंबी म्हणवत न्हाय.”

तिनं तेजस्वीकडं ते हाड मागितलं. पोरीनं तार सोडून ते काढून दिलं.

घरी आई रत्नव्वानं ते तळहातावर घेतलं, बराच वेळ चाचपलं.

“आपल्यात माणसाला माती देत्यात, पोरी. ह्याला कुणी दिली न्हाय.”

“अव्वा, अण्णाचं नसलं तर?”

“कुणाच्या तरी पोटचं हाय की!”

लिंगायतांच्या स्मशानात जंगमांनी त्याला विभूती लावली, वर बेल वाहिला. माती पडली तशी इतकी वर्षं डोळ्यांतून टिपूस न काढलेली रत्नव्वा महांतेशचं नाव घेऊन हंबरडा फोडून रडली. शिवलीलाला रडू आलं नाही.

परतताना रिक्षात रत्नव्वाला तिच्या खांद्यावर गाढ झोप लागली. स्टँडपाशी रिक्षा गर्दीत अडकली, आणि शिवलीला गेल्या नऊ वर्षांच्या सवयीनं बाहेरच्या माणसांचे चेहरे बघू लागली.