भुईगावचा पाळणा आणि रिकामा टेम्पो

रविवारी सकाळी बायकोने फर्मान काढलं, "भुईगावच्या फिलूमावशींचा पाळणा घेऊन या." नात इरा अवघी दहा महिन्यांची. पण पाळणा घरात टांगला की सुनेला दुसऱ्या बाळाची आठवण राहील, असा बायकोचा डाव. "दोन्ही एका दमात वाढतील, सुटलो!"

सून श्वेता इराची झबली घडी करत राहिली. जिना चढताना तिला अजून घेरी येते, डॉक्टरांनी दोन वर्षं थांबायला सांगितलंय, हे मला भिंतीपलीकडून ऐकून ठाऊक. सासूपुढे तिची जीभ वळत नाही. तिला म्हटलं, इराला घे, चल, समुद्र तरी बघू.

विरारहून दुकानाचा टेम्पो काढला. (टाइल्सचं दुकान आहे, सुरुवात दुसऱ्यांच्या फरश्या डोक्यावर वाहून केली.) गास गावाच्या पुढे इमारती मागे पडतात. भुईगावच्या गल्ल्या अशा चिंचोळ्या की मोठी गाडी आणाल तर कुणाच्या तरी जास्वंदीत शिराल. मी शिरलो. दोघांचा चहा-पाव चाळीस रुपयांत. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्याच. किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत इराने पहिल्यांदा लाट पाहिली आणि मुठी आवळून बघतच राहिली.

लग्नानंतर आम्ही फिलूमावशींकडे भाड्याने राहायचो. माझा नीलेश त्यांच्याच फणसाच्या लाकडाच्या पाळण्यात वाढला. एकुलता एक, म्हणून दुसऱ्या बाळासाठीचा मावशींचा नियम आम्हाला कधी कळलाच नाही.

आम्ही मावशींच्या ओटीवर टेकतोय तोच मिठागराकडच्या गावातली एक बाई आली. सातवा महिना, बोटाला चार वर्षांची मुलगी.

"मावशी, आधी पानी द्या. स्टँडपासून हिला चालवत आनलीय."

"मागणारी कोण?" तांब्या देत मावशींनी विचारलं.

मुलगी पुढे झाली. "आजी, आमच्या बाळाला पाळना द्या."

मावशींनी पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "दुसऱ्यासाठी पाळणा पहिल्याने मागायचा. आपल्या पायाने येऊन, आपल्या तोंडाने. तुझी नात बोलते का रे?"

"बा-बा म्हणते."

"बा-बाने पाळणा मिळत नाही."

"मावशी, जुनी ओळख आपली!"

"ओळख टेम्पोत ठेव." मग हळूच म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीचा पाळणा हा. चार वर्षांत तीन झाली. चौथ्याला ती उरली नाही."

मिठागरवाली म्हणाली, "माझी सासू रोज दुसऱ्यासाठी बोलायची. मी म्हनायची, पोरगी मागेल तेव्हा."

श्वेताने इराला घट्ट धरलं. "बाबा, मलाही थांबायचंय." माझ्यासमोर पहिल्यांदा बोलली.

ना भाषण, ना फलक. एका म्हातारीने बहिणीच्या दुःखातून एक अट काढली आणि किती बायकांना तिची ढाल झाली! पाळण्याची दांडी हातांनी घासून आरशासारखी झालेली. मी त्या दांडीलाच नकळत नमस्कार केला.

पाळणा टेम्पोत चढला खरा, पण उतरला त्या बाईच्या दारात. मुलीने वाटभर दोरी सोडली नाही.

घरी बायको टेम्पोत डोकावली. "पाळणा?" सगळं सांगितलं. "मोठी आली अट घालणारी," म्हणाली, पण बहिणीचं ऐकल्यावर तिच्या हातातला चहा तसाच निवला. मग तिने श्वेताच्या कडेवरून इराला घेतलं आणि म्हणाली, जरा पड.

भुईगावहून आणलेली सुकेळी दोन दिवसांत संपली. त्या मुलीची दोरी धरलेली मूठ मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

परवा बायको इराला मांडीवर घेऊन बसली होती. "म्हण, पाळ-णा."

"बा-बा."

श्वेता हसली. "आई, सावकाश शिकवा."

"मग? घाई कुणाला आहे?"