दुपट्ट्याखाली मागितलेले तास

पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत मी एका व्यापाऱ्याकडे मुनीम आहे. आमचे शेठजी मोबाईलवर दिल्लीचे भाव बघतात, दुकानात चार कॅमेरे लावून बसलेत, काटा विजेचा आहे. पण सौद्याची वेळ आली की आजही खांद्यावरचा दुपट्टा समोरच्याच्या हातावर टाकतात आणि त्याखाली बोटं दाबतात. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. वर दोघांचे चेहरे असे, जणू मयतीला आलेत. आकडा तोंडानं काढायचा नाही. दोघांनी सारखीच बोटं दाबली की सौदा पक्का, मंडीच्या भाषेत 'तुटला', मग कितीही रडा. ही विद्या शेठजींना माझ्या बाबांनी शिकवली. बाबा याच मंडीत दलाल होते.

आता बाबा सौंसरला आमच्या घरी असतात आणि बरंच काही विसरतात. दिवसभर ठीक असतात. उन्हं उतरली की टोपी घालतात, दुपट्टा टाकतात आणि "माल आला असंन" म्हणत फाटक उघडून निघतात. माझी बायको मागून हाका मारते, चहाचं आमिष दाखवते. पण ती सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेणारी. भर रस्त्यात त्यांचा हात धरून ओढणं तिलाही जमत नाही आणि त्यांनाही सोसलं नसतं. एका संध्याकाळी बाबा पार नागपूरच्या रस्त्याला लागले. ट्रकांच्या मधून चालत होते म्हणे. ओळखीच्या एकानं मोटारसायकलवर बसवून आणलं. मी नेहमीसारखा उशिरा पोचलो तेव्हा ते गुडघा खरचटलेला घेऊन ओट्यावर बसले होते आणि मला विचारत होते, "किती गाड्या आल्या?" मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती.

म्हणजे दिवेलागणीच्या आत मी घरी हवा होतो. त्यासाठी चारची बस हवी आणि रोज तीन तास कमी काम.

शेठजी मनानं वाईट नाहीत, पण कुणालाही काहीही पहिल्या फटक्यात देणं त्यांच्या रक्तातच नाही. मी "शेठजी, बाबांसाठी रोज थोडे तास लवकर..." म्हटलं की त्यांना फोन यायचा. एकदा तर तावातावानं ज्यात बोलत होते तो फोन नव्हता, चष्म्याचं घर होतं. मीही मान हलवत ऐकून घेतलं.

शेवटी आमच्या काटेवाल्याला माझी दया आली. "मुनीमजी, तुमी सरळ मांगून राहिले, तिथंच चुकून राहिले," तो म्हणाला. "तीन पायजे तं सहा मांगा ना. शेठ अर्धे तोडते, तुमचे तीन उरते."

मला हे एकदम पटलं. दलालाचा मुलगा असून आपल्याला आधी का सुचलं नाही, याची लाजच वाटली.

संत्र्याचा आंबिया बहार जोरात होता. लिलावाच्या गर्दीत शेठजींनी अचानक माझा हात ओढला आणि वर दुपट्टा टाकला. "बोला मुनीमजी, काय म्हणून राहिले होते?" त्यांचंही बरोबर होतं. मोठ्यानं बोललं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या दुकानाचे वडील आजारी पडले असते. मी चेहरा मयतीचा केला. पंजा दाबला, मग एक बोट. सहा. आता ते तीन बोटं दाबतील, मी जरा कण्हेन, मग कबूल होईन, असं सगळं मनात पाठ होतं.

शेठजींनी पंजा दाबला, मग एक बोट.

"झाला सौदा," म्हणाले आणि दुपट्टा खांद्यावर टाकला. शेजारच्या शेतकऱ्यानं मला विचारलं, "कितीत तुटला जी?" पहिली बोली शेठजींनी मान्य केलेली मी कधी पाहिली नव्हती. सकाळी येऊन जेवायच्या आत परतणाऱ्या मुनिमाची कुणाला गरज? हे मला काढणार, दुसरं काय! तेवढ्यात त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. एक वाजत आला होता. "निघा आता. टाइम झाला तुमचा."

डबा बसमध्ये उघडला आणि तसाच बंद केला. घरी पोचलो तर अंगणात लख्ख ऊन. बायको दारात आली. "काहून जी, कामावरून काढलं का?"

"नाई. जे मांगलं ते देलं."

"मंग तोंड काहून पाडून आले?"

बाबा खाटेवर शेंगा सोलत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मंडी बंद हाय का आज?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठजींपुढे उभा राहिलो. "शेठजी, सहा नको. तीनच द्या."

"पक्का सौदा मोडून राहिले? दलालाच्या घरचे असून?" त्यांनी लोडाला टेकून बैठक नीट केली. माणूस खुशीत आला होता. "बरं, पाच घ्या."

"तीन."

"साडेचार. तुमच्यासाठी म्हणून."

मी सुटी परत करतोय आणि शेठजी ती माझ्या गळ्यात मारताहेत, हा तमाशा बघायला सगळं दुकान जमलं. काटेवाला पोट धरून हसत होता, आणि आगही त्यानंच लावलेली. अखेर तीनवर तुटलं. दुपट्ट्याची घडी घालत शेठजी म्हणाले, "तुमच्या बाबांनीच शिकवलं हे मले. जो वाढवून मांगते, त्याले मांगलं तेवढंच देऊन टाकायचं. सकाळी सोताच परत द्याले येते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चारची बस चुकवू नोका. आन् बाबाले माया नमस्कार सांगजा."

त्या संध्याकाळी बाबा फाटकापाशी भेटले. मी हात धरला तर झटकून म्हणाले, "सोड, माल आला." काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यांच्याच खांद्यावरचा दुपट्टा ओढून आमच्या हातांवर टाकला. बाबा जागीच थांबले. चेहरा कोरडा झाला. मग मुकाट्यानं परत येऊन ओट्यावर बसले आणि त्यांची बोटं चालू लागली.

आता रोज असंच चालतं. नसलेल्या ढिगाचा सौदा आम्ही अंधार पडेपर्यंत करतो. तो तुटू द्यायचा नाही, एवढंच मी सांभाळतो. तुटला तर ते माल मोजायला उठतील. अंधार पडला की मंडी त्यांच्या डोक्यातून जाते आणि ते जेवायला बसतात. माझं नाव मात्र त्यांनी बऱ्याच दिवसांत घेतलेलं नाही. सुनेला सांगतात, "हा मुनीम बरा हाय, रोज येते."

एकदा सौदा लांबवायचा म्हणून मी सरळ दुप्पट बोली दाबली. बाबांची बोटं थांबली. माझ्याकडे पाहून खुदकन हसले.

"डबल मांगून राहिला! लहानपनापासून तुही हीच खोड हाय, लेका."

मी तीच बोली पुन्हा दाबली.

तेव्हापासून मी रोज दुप्पटच मागतो. बहुतेक वेळा ते नुसतं "नाई जमत" म्हणतात आणि हात काढून घेतात. दुसऱ्या दिवशी मी चारची बस पकडतो, ओट्यावर बसतो आणि पुन्हा दुप्पट दाबतो.