तुळईवरची बशी

नंदाताईंच्या कारखान्यात देव्हाऱ्यांची दारं कोरणारं, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आहे. मागच्या महिन्यात मी करायला दिलेल्या देव्हाऱ्याच्या दारावरच्या कमळाच्या पाकळ्या दातेरी आल्या. मी "चालेल" म्हटलं, तर ताई म्हणाल्या, "देव चालवून घेईल, मी नाही घेणार."

त्यांनी मशीन सरकवणारे सैल पट्टे काढून त्यांच्या जागी लांब फिरते स्क्रू आणि नवे रूळ बसवले. काल मला बोलावलं आणि मशीनच्या मागेपुढे सरकणाऱ्या आडव्या तुळईवर चक्क बशीभर गरम चहा ठेवला. पूर्वी वळताना मशीन असा हिसका द्यायचं की टेबल हादरायचं. आता पाकळीच्या टोकाशी ते हळूच मंदावत होतं, वळत होतं, पुन्हा वेग घेत होतं. वाटलं, वेग काय, कुणालाही जमतो. वळणं शिकावं लागतं. मी तर नुसता विषय बदलला तरी घरचे दचकतात.

कमळ पुरं झालं. ताईंनी पाकळ्यांवरून बोट फिरवलं आणि बशी उतरवून माझ्यापुढे धरली. चहा गार झाला होता. त्यावरची साय मात्र कुठेच फाटली नव्हती, आणि सागाच्या भुशाचे दोन कण तिच्यावर आरामात बसून आले होते.